इंग्रजी जन्मतःच ज्ञानभाषा नव्हती

उच्च न्यायालयाचे कामकाज मराठीतून चालावे, असे कोणी म्हटले की उत्तर ठरलेले असते. कायदा, गणित, शास्त्र यांना लागणारा नेमकेपणा इंग्रजीच्या अंगातच आहे. तिने जगभरचे शब्द मोकळ्या मनाने घेतले म्हणून ती मोठी झाली. देशी भाषांना हे साधणार नाही. असे म्हणणाऱ्यांचे इंग्रजीवर प्रेम असते. माझेही आहे, आणि म्हणूनच तिचा इतिहास असा पुसलेला मला सहन होत नाही.

केंटचा राजा एथेलबर्ट याने इसवी सन 600 च्या सुमारास आपले कायदे लिहवून घेतले ते इंग्रजीत. रोमहून आलेल्या धर्मप्रचारकांबरोबर लॅटिन दारात आली होती, तरीही. नवव्या शतकात वेसेक्सच्या आल्फ्रेड राजाने बोएथियससारख्यांचे लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणवले, आणि त्याच्याच काळात राज्याची बखर इंग्रजीत लिहिली जाऊ लागली. कायदा, इतिहास, तत्त्वचिंतन हे सारे जुन्या इंग्रजीत होते. मग 1066 साली हेस्टिंग्जची लढाई झाली. नॉर्मंडीचा विल्यम गादीवर आला, दरबार फ्रेंच बोलू लागला आणि दप्तर लॅटिनमध्ये गेले. पीटरबरोच्या मठात बखर कशीबशी चालू राहिली. तिथली शेवटची नोंद 1154 ची आहे. आता विचारतो, अंगभूत म्हणतात तो नेमकेपणा एका लढाईने नाहीसा झाला काय? बोलणारी माणसे तीच होती. भाषेच्या हातचे काम तेवढे काढून घेतले गेले.

ते परत मिळवायला किती काळ लागला, हे तर मुद्दाम सांगायला हवे. लोकांना फ्रेंच कळत नाही, म्हणून कोर्टातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत, असा कायदा तिसऱ्या एडवर्डच्या काळात 1362 मध्ये झाला. तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता, आणि निवाड्यांच्या नोंदी लॅटिनमध्ये ठेवाव्यात असे त्यातच म्हटले होते. वकिलांनी आपली मोडकीतोडकी कायदेशीर फ्रेंच पुढे कित्येक पिढ्या सोडली नाही. राजा नसलेल्या काळात, 1650 मध्ये, संसदेने कायद्याचे सारे व्यवहार इंग्रजीत आणले. 1660 मध्ये राजा परतला आणि ते रद्द झाले. अखेर 1733 पासून इंग्लंडची न्यायालये सर्वस्वी इंग्रजी झाली. हेस्टिंग्जपासून मोजले तर 667 वर्षे. तोवर चॉसर, शेक्सपिअर, 1611 चे बायबल, सगळे होऊन गेले होते! साहित्यात कस लागलेली भाषासुद्धा कोर्टाच्या कारकुनाला अपुरी वाटत होती.

मोकळ्या मनाची गोष्टही अशीच. उत्तरेकडच्या डेन्सशी शेजार घडला आणि ‘दे’, ‘देम’ ही सर्वनामेसुद्धा त्यांच्याकडून आली. व्याकरणही कोणी ठरवून बदलले नाही; विभक्तीचे प्रत्यय नॉर्मन येण्याआधीच झिजू लागले होते. दहाव्या शतकात ऑल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने लिंडिसफार्नच्या लॅटिन शुभवर्तमानांत ओळींच्या मधे इंग्रजी अर्थ लिहिले, त्यांत प्रत्ययांचा गोंधळ स्पष्ट दिसतो. पुढे राज्य, न्याय, करवसुली यांचे फ्रेंच शब्द आले ते राज्यकर्त्यांमागून, कोणी आवडीने निवडले म्हणून नव्हे. सोळाव्या शतकात पंडित खरोखर आपखुशीने लॅटिन-ग्रीक शब्द आणू लागले, तेव्हा केंब्रिजचे ग्रीकचे प्राध्यापक सर जॉन चीक यांनी कडाडून विरोध केला. इंग्रजीतही शुद्धीचा वाद झाला होता.

आणि नेमकेपणा? कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला तेव्हा दीर्घ स्वरांचे उच्चार बदलत होते. छपाईने स्पेलिंग हळूहळू गोठवले, उच्चार पुढे निघून गेले. त्याचे भोग आजही शाळकरी मुले भोगतात.

मग ही भाषा ज्ञानाची झाली कशी? माणसांनी तिच्यात ज्ञान लिहिले म्हणून. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श वैद्याने 1543 मध्ये अंकगणिताचे पुस्तक इंग्रजीत लिहिले, कारण सामान्य माणसाला हिशेब शिकवायचा होता. त्याच्या 1557 च्या बीजगणितात बरोबरीचे चिन्ह पहिल्यांदा छापले गेले. विद्वानांची भाषा तेव्हा लॅटिन होती. न्यूटनने 1687 मध्ये ‘प्रिन्सिपिया’ लॅटिनमध्येच लिहिला. 1704 मध्ये ‘ऑप्टिक्स’ मात्र इंग्रजीत. क्षमता आधी आणि वापर नंतर, असा क्रम या साऱ्या इतिहासात मला कुठेही सापडत नाही.

राहतो एक आक्षेप, आणि तो थोर माणसाचा आहे. कायदेपंडित ब्लॅकस्टोन यांनी 1760 च्या दशकात लिहिले की न्यायालये इंग्रजी होऊनही लोक कायद्याबाबत पूर्वीइतकेच अज्ञानी राहिले, आणि इंग्रजीला शब्द जास्त लागत असल्याने खर्च मात्र वाढला. पहिला भाग खरा मानू. भाषा बदलल्याने वकिलाची गरज संपत नाही. पण आपल्यावर काय आरोप आहे, निकालात काय म्हटले आहे, हे दुसऱ्याला न विचारता वाचता येणे हा पक्षकाराचा हक्क आहे, आणि खर्चाच्या हिशेबाने तो रद्द होत नाही. शिवाय ब्लॅकस्टोन यांनी इंग्लंडच्या कायद्यावरचे आपले चार खंड लिहिले ते इंग्रजीतच, आणि अमेरिकेतल्या वकिलांच्या पिढ्या त्यांवर शिकल्या.

आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम 348 प्रमाणे राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने राज्यपाल उच्च न्यायालयाच्या कामकाजात राज्याच्या भाषेला परवानगी देऊ शकतात. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार यांनी हिंदीसाठी ती मिळवली आहे. महाराष्ट्राने मराठीसाठी मागावी.