गंजापेक्षा बोथट धार घातक

लोखंडी विळी किंवा कार्बन स्टीलची सुरी गंजली, की ती माळ्यावर जाते. तिचा बोटाला ओरखडा उठला, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी धावपळ होते. दोन्हींच्या मुळाशी एकच समज आहे : गंजामुळे धनुर्वात होतो. हा समज खरा नाही.

धनुर्वात होतो क्लॉस्ट्रिडियम टेटानी या जिवाणूमुळे. त्याचे बीजाणू माती, धूळ आणि शेणात असतात. अंगणातला गंजका खिळा धोक्याचा ठरतो, तो त्यावरच्या मातीमुळे आणि जखम खोल जाते म्हणून. प्राणवायू नसलेल्या जखमेत हा जिवाणू वाढतो. शेतातल्या काट्यानेही धनुर्वात होऊ शकतो. तेव्हा चकचकीत पाते हे संरक्षण नव्हे; लस हेच संरक्षण. लहानपणीच्या डोसांनंतर १० व्या व १६ व्या वर्षी टीडी लस दिली जाते. पुढे दर १० वर्षांनी एक डोस घ्यावा, हे मात्र प्रौढ माणसे विसरतात.

स्वयंपाकघरातला खरा धोका बोथट धारेचा. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो. ती टोमॅटोच्या सालीवरून किंवा कांद्यावरून घसरते आणि बोटात शिरते. कार्बन स्टीलचा गुण इथेच कळतो. साध्या धारेच्या दगडावरही त्याला चटकन बारीक धार येते. उणीव एवढीच, की स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असते, त्याचा पातळ थर गंज रोखतो; कार्बन स्टीलला ते कवच नसते.

ते काम आपल्या हातांनी करायचे. लिंबू, कैरी, टोमॅटो चिरून झाले, की पाते लगेच धुऊन कोरड्या फडक्याने पुसावे. ओले पाते बेसिनमध्ये पडू देऊ नये. पावसाळ्यात किंवा बरेच दिवस वापर नसेल तर खाद्यतेलाचे बोट फिरवावे. पात्यावर येणारी काळसर-निळी झाक म्हणजे बिघाड नव्हे; ती गंजाचा वेग कमी करते. तांबडा गंज मात्र घासून काढावा. खड्डे पडले असतील, तर त्यात घाण साचते. असे पाते बदलावे. मासे-मटण कापल्यावर साबणाने धुतल्याशिवाय त्याच पात्याने कोशिंबीर चिरू नये.

ज्या घरात भांडी संध्याकाळपर्यंत बेसिनमध्ये पडून राहतात, तिथे स्टेनलेस स्टीलची सुरीच बरी. पुसायची सवय असेल, तर आजीची विळी टाकून देण्याचे कारण नाही.

आणि बोट कापलेच, तर त्यावर हळद किंवा कॉफी पूड दाबू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवावी, स्वच्छ फडक्याने दाबून धरावी. जखम खोल असेल, तिच्यात माती गेली असेल किंवा शेवटची लस कधी घेतली हे आठवत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.