छाती धडधडते, म्हणून गप्प बसायचे का?

१५ ऑगस्टला झेंडावंदन आटोपते, शाळेतल्या मुलांची भाषणे होतात आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या अनेक गावांत त्याच दिवशी ग्रामसभाही भरते. सकाळी चौथीतला मुलगा पाठ केलेल्या भाषणाच्या तिसऱ्या ओळीला अडतो आणि रडवेला होऊन खाली उतरतो. दुपारी त्याची आई ग्रामसभेत मागे बसलेली असते. तेंदूपत्त्याच्या मजुरीचा हिशेब कुठे चुकला, हे तिला नेमके ठाऊक असते. पण उठायचे म्हटले की छाती धडधडते, घसा कोरडा पडतो. तेवढ्यात विषय पुढे सरकतो. घरी जाताना मात्र ती शेजारणीला सगळा हिशेब पैशापैशासकट सांगते.

या भीतीला लोक स्वभावाचा दोष समजतात. प्रत्यक्षात ती शरीराची नेहमीची प्रतिक्रिया आहे. पहाटे मोहफुले वेचायला गेलेल्या बाईला झुडपाआड वाघाची चाहूल लागली, तर मेंदू क्षणात इशारा देतो, ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते, हृदय वेगाने रक्त ढकलते, लाळ आटते, हातपाय पळायच्या तयारीने थरथरतात. पन्नास माणसांच्या नजरा एकदम वळल्या की हीच यंत्रणा जागी होते. फरक इतकाच की सभेतून पळता येत नाही. बहुतेकांच्या बाबतीत ही धडधड बोलण्याआधी आणि पहिल्या मिनिटात सर्वाधिक असते, मग ती उतरू लागते. पहिल्याच मिनिटात खाली बसणाऱ्याला हे उतरणे कधी अनुभवायलाच मिळत नाही. म्हणून पुढच्या वेळी भीती तेवढीच राहते, कधी वाढतेही.

शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत माणसावर ताण आणायचा असेल, तर ते त्याला भाषण करायला लावतात. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात १९९३मध्ये बसवलेली ही चाचणी आजही जगभर वापरली जाते: थोडी तयारी, मग चेहऱ्यावर काहीच न दाखवणाऱ्या परीक्षकांसमोर पाच मिनिटे बोलणे आणि पाठोपाठ तोंडी वजाबाकी. लाळेतील कॉर्टिसॉल मोजले की ताण कळतो. २००४मध्ये अशा २०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. कॉर्टिसॉल सर्वाधिक चढते ते दोन गोष्टी एकत्र आल्यावर, असे त्यात दिसले: लोक आपल्याला जोखत आहेत ही जाणीव, आणि काहीही केले तरी निकाल आपल्या हाती नाही ही जाणीव.

आता आपल्याकडची नेहमीची सभा आठवा. समोर टेबल-खुर्च्या, त्यावर सचिव आणि पुढारी, हातात माईक, आणि ठराव बहुधा आधीच ठरलेला. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्याला त्यातच मराठीत चूक होईल ही धास्ती. ट्रिअरची प्रयोगशाळाच जणू गावात उभी केलेली. मग ‘बायका बोलतच नाहीत जी’ म्हणून दोष कुणाला द्यायचा? वनहक्काच्या नियमांप्रमाणे ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. अट हजेरीची आहे. बोलण्याची सोय गावानेच करायची असते.

ती कशी करता येते, हे धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने दाखवले आहे. २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारे गाव म्हणून ते देशभर ओळखले जाते. देवाजी तोफा यांचे नाव त्यासोबत येते. हक्काची चर्चा खूप झाली, गावाच्या बोलण्याच्या रीतीची मात्र कमी. तिथे आधी अभ्यासगट बसतो. त्यात निर्णय होत नाही, फक्त माहिती घ्यायची, शंका काढायच्या, वाद घालायचा. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. म्हणजे मोठ्या सभेत उठण्याआधी माणूस तोच विषय छोट्या गटात बोलून आलेला असतो, आणि त्याच्या एका शंकेनेही निर्णय थांबू शकतो. ताण चढवणाऱ्या दोन्ही गोष्टी इथे आपोआप सौम्य होतात. मेंढ्याने हे कॉर्टिसॉल उतरवण्यासाठी केले नाही, हे खरे. पण धिटाईच्या शिबिरांपेक्षा ही रीत शरीराला जास्त मानवणारी आहे.

गावाची रीत बदलेपर्यंत एकट्याने काय करावे? भाषण पाठ करू नये. पाठांतरात एक ओळ निसटली की पुढचे सगळे निसटते, आणि शाळा नेमके तेच शिकवतात. पहिले वाक्य तेवढे पक्के करावे, पुढचे तीन मुद्दे बोटांवर ठेवावेत. उठण्याआधी दोन-तीन मिनिटे श्वास सावकाश सोडावा. सोडणे घेण्यापेक्षा लांब असले की हृदयाचा वेग उतरतो. आपली थरथर सगळ्यांना दिसते असे वाटते, पण ती ऐकणाऱ्यांना फार कमी जाणवते. २००३च्या एका अमेरिकी अभ्यासात वक्त्यांना एवढेच आधी समजावून सांगितले, तर त्यांची भाषणे सुधारली. ‘घाबरू नको’ असे मनाला बजावण्यापेक्षा ‘अंगात जोर आलाय’ असे म्हणणाऱ्यांची भाषणे सरस ठरल्याचे २०१४मध्ये दिसले.

आणि खर्रा! सभेआधी ‘डोके शांत करायला’ घोटलेली पुडी तोंडात टाकणारे या दोन जिल्ह्यांत कमी नाहीत. तंबाखूतील निकोटिन हृदयाचा वेग वाढवते, म्हणजे जी धडधड नको तीच विकत घ्यायची. तोंड भरलेले, बोलणार कसे हा प्रश्न वेगळाच. धडधड दाबणाऱ्या गोळ्यांचेही मनाने नाव काढू नये. प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध दम्याच्या रुग्णाला धोक्याचे ठरू शकते. भीतीपायी कुणी मुलाखतीला, वर्गात किंवा बाजारात जाणेच टाळू लागला असेल, तर तो उपचाराचा विषय आहे. त्यासाठी डॉक्टर आहेत, आणि टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांकही.

एरवी सुरुवात बचत गटापासून करावी. दहा ओळखीच्या बायकांत मजुरीचा हिशेब एकदा मोठ्याने मांडावा, पुढच्या आठवड्यात पुन्हा. ग्रामसभेच्या अध्यक्षांनी माईक बाजूला ठेवून सगळ्यांनी खाली बसावे, आधी मागच्या रांगेला विचारावे आणि गोंडीत आलेले उत्तर गोंडीतच ऐकून घ्यावे. पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरच्या सुमारास भरेल, आणि तेंदूपत्त्याचा तो हिशेब तोवरही बाकीच असेल.