काही करत नाही हो आमचं कुत्रं!

पोस्ट लांब झालीय, चहा घेऊन बसा.

मिरचीच्या लागवडीला अजून वेळ होता, म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी मी आणि भाचा कोकणात जाऊन आलो. पिंपळगाव रेणुकाई ते वेळास, पाचशे किलोमीटरच्या वर. सोबत शेतातली दोन गावठी कुत्री, वाघ्या आणि चांदी. गावातले लोक हसले. मिरचीच्या पिकअपमधून कुत्र्यांना समुद्र दाखवायला निघाला म्हणे! कारण साधं होतं. घरचे लग्नाला गेलेले आणि आठ दिवस शेतावर भाकरी टाकायला कोणी नव्हतं.

ताम्हिणी उतरलो, माणगाव, मग दिवेआगर. तिथून शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता ज्यानं पाहिला नाही त्यानं एकदा पाहावाच. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला थेट पाणी. (हीच ती शेखाडी, १९९३ साली स्फोटकं उतरली होती ती. आज तिथं लोक फोटो काढतात.) वाघ्या मागं ताडपत्रीतून तोंड काढून लाटांवर भुंकत होता. चांदीनं पहिल्याच थांब्यावर खारं पाणी प्यालं आणि दोन दिवस तिचं पोट बिघडलं. कुत्री नेणाऱ्यांनी गोड पाण्याचा कॅन आणि एक भांडं हाताशी ठेवावं, आणि दर दोन तासांनी गाडी थांबवावी. आम्ही हे ठेच लागल्यावर शिकलो. बागमांडल्याला पिकअप फेरीबोटीत घातली, सावित्रीची खाडी ओलांडून वेशवीला उतरलो, की आलाच रत्नागिरी जिल्हा.

खरी गोष्ट वेळासची आहे. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. किनारा मोकळा दिसला, दिली दोघांना सोडून. दोघं तीरासारखी पळाली ती थेट वाळूत जाळीचं कुंपण होतं तिकडं. कुंपणापाशी बसलेला माणूस ओरडत उठला. "अहो पाव्हणे, आधी कुत्री आवरा!" माझ्या तोंडून काय निघालं माहितेय? "काही करत नाहीत हो ती."

आपल्या गावात कुणाचं कुत्रं लेकराच्या मागं लागलं की मालक हेच म्हणतो. तेव्हा आपल्याला राग येतो. त्या दिवशी ते वाक्य मीच म्हणलो.

त्या माणसानं आधी झापलं, मग शेजारी बसवून सांगितलं. त्या जाळीत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी होती. नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान मादी रात्री किनाऱ्यावर येते, खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारते आणि निघून जाते. परत येऊन बघत नाही. पुढचे दीड-दोन महिने त्या अंड्यांना राखणारं कोणी नसतं. कोल्हा आणि कुत्रं वासावर येतात आणि एका रात्रीत सगळं घरटं उकरून खातात. पूर्वी माणसंही अंडी विकायची. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं इथं काम सुरू केलं, गावकरी सोबत आले, आणि आता अंडी उचलून या जाळीत पुरतात. पिल्लं निघाली की पाण्यात सोडतात. ते बघायला येणाऱ्या पाहुण्यांवर गावातल्या घरांना चार पैसे मिळतात. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. आम्ही पाचशे किलोमीटरचं कौतुक सांगत होतो, ती अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून आली असणार.

मी दोरी आणली नव्हती. पिकअपचा दोर कापून दोघांना बांधलं.

आता माझं म्हणणं. रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग अंतुले साहेबांच्या काळापासून ऐकतोय, आता खाड्यांवरच्या पुलांची कामं निघाली आहेत. रस्ता व्हावाच, त्याला विरोध नाही. कोकणातल्या माणसाला दवाखान्यासाठी खाडीला वळसा किती पडतो ते बघून आलोय. पण पूल झाला की माझ्यासारखे शंभर येणार, कुणाच्या गाडीत लॅब्रेडॉर, कुणाच्या गाडीत वाघ्या. मग अंडी असलेल्या किनाऱ्यावर रात्री गाडी आणि मोकळं कुत्रं नको, हा नियम पूल व्हायच्या आधी हवा. किनाऱ्याच्या तोंडाशी मराठीत मोठी पाटी हवी आणि दंडाची पावती फाडणारा माणूस हवा. पिल्लं उजेडाच्या दिशेनं चालतात, गाडीचा हेडलाईट त्यांना समुद्र वाटतो. दिवसा दोरीत धरून खुशाल फिरा की, कोण नको म्हणतंय?

कुत्र्यांवर सरसकट बंदी घाला म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. एका मुक्कामी खोलीवाल्यानं कुत्री बघून दार लावलं, आम्ही पिकअपमध्ये झोपलो. पण त्याच्या जागी मी असतो तर पहिला प्रश्न हाच विचारला असता, लस दिलीय का? आणि खरं सांगतो, निघायच्या आठ दिवस आधीपर्यंत दिलेली नव्हती. भाच्यानं हट्ट धरला म्हणून भोकरदनला नेऊन दिली. तीन वर्षं ही कुत्री आमच्या लेकरांत खेळतायत!

इथं विषय आपल्या गावावर येतो. दिल्लीच्या कुत्र्यांवरून ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, तो बदलला, आणि आपल्या ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे सगळी उचला, दुसरा म्हणे मुक्या जीवाचा छळ. २२ ऑगस्टचा सुधारित आदेश कुणी वाचला होता? नसबंदी करा, लस द्या, जिथून उचललं तिथंच परत सोडा, फक्त पिसाळलेलं आणि माणसावर धावणारं कुत्रं सोडू नका, खाणं ठरलेल्या जागीच घाला. यात भांडण्यासारखं काय आहे? रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. गावातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस असली तर रोगाची साखळी तुटते, असं जाणकार सांगतात. आपल्या बाजारात मिरचीच्या गोण्यांवर झोपलेली कुत्री मोजा एकदा, त्यातल्या किती जणांना टोचलंय?

१ मेच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. पशुवैद्यकीय दवाखान्याला पत्र देऊन गावात एक दिवस लसीचं शिबिर लावायचं, पाळीव आणि बेवारशी दोन्हींसाठी. कुत्री धरायला माणसं लागतील. वाघ्या-चांदीसाठी दोन नवे पट्टे आणलेत, ती धरायला मी आहेच. बाकी कोण कोण येतंय ते खाली लिहा.