निवृत्त डॉक्टर आणि सेवेचा परवाना

निवृत्त डॉक्टरांनी आपल्या अनुभवाचा लाभ गोरगरीब रुग्णांना द्यावा, असे आवाहन आपल्या देशात वेळोवेळी केले जाते. कोविडच्या साथीत, मार्च 2020 मध्ये, नीती आयोगानेच तसे जाहीर आवाहन केले होते. मे 2021 मध्ये संरक्षण मंत्रालयाने सैन्यदलांतून सेवामुक्त झालेल्या 400 वैद्यकीय अधिकाऱ्यांना कमाल 11 महिन्यांसाठी कंत्राटावर परत बोलावण्यास मंजुरी दिली. संकट ओसरल्यावर मात्र हा विषय मागे पडला. एरवीच्या काळात अशा डॉक्टरांनी कोणत्या दाराने यावे, हा प्रश्न तसाच राहिला.

अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्याने या प्रश्नाचे उत्तर 30 वर्षांपूर्वीच शोधले. तेथील हिल्टन हेड बेटावर डॉ. जॅक मॅककोनेल निवृत्तीनंतर वास्तव्यास आले. बेटावर सधन निवृत्तांची वस्ती. त्यांच्या बागा आणि हॉटेले सांभाळणाऱ्या कामगारांना मात्र साधा उपचारही परवडत नव्हता. बेटावर निवृत्त डॉक्टर पुष्कळ होते, पण अनेकांचे परवाने अन्य राज्यांचे होते. अखेर राज्याने विनामोबदला सेवेपुरता मर्यादित असा विशेष परवाना देण्याची तरतूद केली आणि 1994 मध्ये तेथे मोफत दवाखाना सुरू झाला. याच नमुन्यावर पुढे अन्य राज्यांतही दवाखाने उभे राहिले.

आपल्याकडे निवृत्तीमुळे नोंदणी आपोआप संपत नाही. मात्र महाराष्ट्रासह काही राज्यांत दर 5 वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. महाराष्ट्रात त्यासाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे 30 गुणांक आवश्यक असतात. सत्तरीतील डॉक्टर आठवड्यातून एक सकाळ वस्तीतील दवाखान्यात बसू इच्छितो. परिषदा, शुल्क आणि कागदपत्रे पाहून तो नोंदणी सोडून देतो, हे समजण्यासारखे आहे.

दुसरी अडचण दायित्वाची. सर्वांना सर्वस्वी मोफत दिलेली सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात दिला. परंतु जेथे काही रुग्णांकडून शुल्क घेतले जाते, तेथे मोफत उपचार घेणाराही ग्राहकच ठरतो. म्हणजे धर्मादाय रुग्णालयात मानद सेवा देणाऱ्याला हे संरक्षण असेलच असे नाही. अमेरिकेने 1996 मध्ये मोफत दवाखान्यांतील स्वयंसेवक डॉक्टरांचे दायित्व केंद्र सरकारकडे घेण्याची कायदेशीर तरतूद केली, ती याच भीतीपोटी.

तरीही सवलत कशात द्यावी, याचा विचार हवा. शुल्क माफ व्हावे, विम्याचा भार शासनाने उचलावा. अभ्यासाची अट मात्र काढून टाकणे योग्य नव्हे. मधुमेहाची औषधे गेल्या 15 वर्षांत किती बदलली! रुग्ण गरीब आहे म्हणून त्याला जुन्या ज्ञानावर भागवायला सांगणे हा सेवाभाव नव्हे. त्याऐवजी कामाची व्याप्ती आखून द्यावी. शस्त्रक्रिया वगळून रक्तदाब व मधुमेहाचा पाठपुरावा, गरोदर मातांची तपासणी अशा कामांपुरता परवाना द्यावा आणि प्रशिक्षणही तेवढ्यापुरतेच, शक्यतो घरबसल्या घेता येईल असे ठेवावे.

अशा डॉक्टरांसाठी जागा नव्याने शोधण्याची गरज नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते आणि खासगी डॉक्टरांनाही तेथे स्वेच्छेने सेवा देण्यासाठी बोलावले जाते.