नवी यांत्रिक करवत रुळवावी लागते काय?

कोकणातील जुन्या व दाट झालेल्या हापूस बागांचे पुनरुज्जीवन करताना जाड फांद्या कापाव्या लागतात. या कामासाठी पेट्रोलवर चालणारी यांत्रिक करवत, म्हणजेच चेनसॉ, आता अनेक बागायतदारांनी घेतली आहे. यंत्र घरी आले की एक प्रश्न हमखास निघतो : नवे इंजिन आधी रुळवावे लागते काय? यावर दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. कोणी सांगतो, यंत्र दोन-तीन तास मंद गतीने नुसते चालू ठेवावे व पेट्रोलात तेल थोडे अधिक घालावे. दुसरा म्हणतो, आजची यंत्रे कारखान्यातून तयार होऊनच येतात. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाने राबवावीत. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे बागायतदाराचे नुकसान करणारी आहेत.

रुळविण्याची कल्पना निराधार नाही. ओतीव लोखंडाच्या सिलिंडरांच्या जुन्या इंजिनांत पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर एकमेकांस घासून नीट बसण्यास बराच काळ लागे. पाण्याच्या पंपाचे डिझेल इंजिन वापरलेल्या पिढीचा हा अनुभव आहे. आजच्या बहुतेक चेनसॉच्या सिलिंडरला आतून क्रोमियमचा किंवा निकेलयुक्त कठीण मुलामा असतो व घडणही अधिक अचूक असते. त्यामुळे रुळण्याचा काळ आखूड झाला आहे. तो नाहीसा झालेला नाही. काही उत्पादकांच्या माहितीपुस्तिकांत पहिल्या तीन टाक्या संपेपर्यंत भाराविना पूर्ण वेग देऊ नये, असे सांगितलेले असते. काहींत पहिल्या दहा तासांत दीर्घकाळ अतिवेग टाळावा, अशी सूचना असते.

येथे ‘भाराविना’ हा शब्द महत्त्वाचा आहे. साखळी लाकडात असताना इंजिनाच्या वेगास आपोआप आवर बसतो. लाकडाबाहेर थ्रॉटल दाबून धरल्यास मात्र वेग मिनिटास १२,००० फेऱ्यांच्याही वर जाऊ शकतो. टू-स्ट्रोक इंजिनात तेलाची वेगळी टाकी नसते; पेट्रोलात मिसळलेले तेलच पिस्टनला वंगण पुरविते. अशा स्थितीत नव्या रिंगांवर अकारण ताण व उष्णता येते. उलट, तासन्‌तास मंद गतीने चालविल्याने रिंगा बसत नाहीत, कारण त्या बसण्यास ज्वलनाचा दाब लागतो. अर्धवट जळालेल्या तेलाची काजळी मात्र स्पार्क प्लगवर साचते. म्हणून यंत्र रुळविण्याचा खरा मार्ग म्हणजे बेताच्या जाडीच्या फांद्या कापणे, कापताना योग्य वेग देणे, फांदी तुटताच थ्रॉटल सोडणे आणि मोठ्या कापणीनंतर इंजिन बंद करण्यापूर्वी ते थोडा वेळ मंद चालू देणे.

अधिक तेल घालण्याची पद्धतही सोडून द्यावयास हवी. तेल वाढविले की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी होते. ज्वलन कोरडे होऊन इंजिन अधिक तापते व धुराच्या मार्गात काजळी बसते. पुस्तिकेत ५०:१ प्रमाण असेल तर १ लिटर पेट्रोलात २० मिलिलिटर व २५:१ असेल तर ४० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल मापून घालावे. अंदाजाने बाटलीतून ओतू नये. आजच्या पेट्रोलात इथेनॉल असते व ते ओलावा शोषून घेते. यास्तव मिश्रण थोडेच करावे आणि पावसाळ्यात यंत्र ठेवून देताना टाकी रिकामी करावी.

इंजिनाची एवढी चर्चा होते, परंतु नव्या यंत्रात सर्वांत आधी रुळते ती साखळी, आणि तिच्याकडेच दुर्लक्ष होते. नव्या साखळीचे सांधे पहिल्या काही कापण्यांतच सैलावतात व ती लांबते. सैल साखळी पट्टीवरून निसटते. तीमुळे यंत्र बिघडते व चालविणाऱ्याच्या जिवावरही बेतू शकते. म्हणून पहिल्या दिवशी वारंवार काम थांबवावे, यंत्र बंद करावे, साखळी निवू द्यावी व मगच ताण तपासावा. साखळी पट्टीच्या खालच्या कडेस टेकलेली असावी, तरीही हातमोजा घातलेल्या हाताने ओढता यावी. तापलेली साखळी आवळली असल्यास काम संपताच ती सैल करावी. अन्यथा ती निवताना आखडून इंजिनाच्या दांड्यावर ताण येतो. साखळीचे तेल पट्टीपर्यंत पोहोचते किंवा नाही, हेही पाहावे. पट्टीचे टोक कागदासमोर, त्यास न टेकवता, धरून वेग दिल्यास कागदावर तेलाची रेघ उमटावयास हवी.

अनेक ठिकाणी एकच करवत भावकीत किंवा शेजारी फिरते आणि पहिल्याच आठवड्यात ती चार हातांतून जाते. आमचे स्पष्ट मत असे की, पहिल्या तीन टाक्या एकाच जाणत्या माणसाच्या हाती संपाव्यात व तेल मापण्याचे कामही त्यानेच करावे. विक्रेत्यानेही यंत्र देताना मिश्रण व साखळीचा ताण ग्राहकाकडून प्रत्यक्ष करवून घ्यावा. छाटणी अर्ध्यावर असताना करवत बंद पडली तर दुरुस्तीचा खर्च तर होतोच, शिवाय मजूर बसून राहतात व बागेचे काम लांबते. त्या मानाने पहिल्या तीन टाक्यांपुरता पाळावयाचा संयम फारच स्वस्त आहे.