जुलाब झाले की अँटिबायोटिक? थांबा जरा!

पावसाळा लागला की असोद्याच्या ओपीडीत हे रोज ऐकतो : "डॉक्टर, कालपासून जुलाब आहेत. मेडिकलवरून गोळ्या आणल्या, तीन खाल्ल्या." गोळी कोणती? बहुतेक वेळा ओफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोल. चिठ्ठीशिवाय विकायला मनाई असलेलं औषध बिस्किटासारखं मिळतं, हा राग आहेच. पण दुकानदाराला एकट्याला का बोलू? "स्ट्राँग काहीतरी द्या" म्हणणाऱ्या पेशंटपुढे नवा डॉक्टर असताना मीही वाकलो आहे.

आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा जेमतेम एक थर. तो तीन ते पाच दिवसांत नवा होतो. त्यावर चिकट श्लेष्मा, श्लेष्म्यात आयजीए नावाची प्रतिपिंडं आणि खाली रोगप्रतिकारक पेशींची शरीरातली सर्वांत मोठी फौज. जंतू मारणं हे या फौजेचं सोपं काम. अवघड काम म्हणजे खाल्लेली भाकरी आणि पोटातले मित्रजंतू ओळखून त्यांना सोडून देणं! आपल्या भरीत-भाकरीतला न पचणारा चोथा हेच जंतू खातात आणि ब्युटिरेट बनवतात. मोठ्या आतड्याच्या पेशींचं ते मुख्य इंधन. अँटिबायोटिक शत्रूबरोबर यांनाही मारतं. म्हणून कित्येकदा जुलाब थांबायच्या ऐवजी गोळीनेच लांबतात.

बहुतेक जुलाब विषाणूंचे किंवा दूषित अन्नाचे. विषाणूवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. दुखावलेलं अस्तर स्वतःच भरून येतं. तोवर पाणी आणि क्षार टिकवायचे. जुलाबातही अस्तरात एक दार उघडं असतं : साखरेबरोबर मीठ आत जातं आणि मागोमाग पाणी. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे मृत्यू 20-30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्याही खाली आणले. आणि आपण मात्र ओआरएसच्या पुडीला "साधं पाणीच तर आहे" म्हणतो!

पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच घाला, ग्लासभर पाण्यात नव्हे. पुडी नसेल तर लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. लहान मुलांना सोबत झिंक, 14 दिवस. खाणं आणि अंगावरचं दूध बंद करू नका.

शौचात रक्त, जोराचा ताप, सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, मूल मलूल : यांपैकी काहीही दिसलं तर लगेच दवाखान्यात या. अँटिबायोटिक लागेल की नाही, ते तिथे तपासून ठरवू.