विदर्भाचा एकच आवाज

बुलढाणा जिल्ह्यात गावाचे नाव सांगण्याआधी माणूस घाटावरचा की घाटाखालचा हे विचारले जाते. चिखली, मेहकर, सिंदखेड राजा घाटावर. नांदुरा, मलकापूर, शेगाव घाटाखाली. बोलीही तशीच पालटते. खाली ‘मले-तुले’, ‘काऊन’ असे वऱ्हाडी वळण, मलकापूरकडे त्यात खानदेशी हेल, देऊळगाव राजाकडे जालन्याची छटा. टीव्हीच्या हिशेबी मात्र नागपूरपासून इथवर एकच बोली आहे, आणि ती कानावर पडली की हसायचे असते.

सरसकट असे म्हणणे थोडे अन्यायाचे आहे. ‘चला हवा येऊ द्या’मधून अमरावतीकडच्या भारत गणेशपुरे यांनी ही बोली मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात नेली, तीही ताठ मानेने. २०१६ साली सुरू झालेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली नागपूरची राधिका तर मसाल्यांच्या जोरावर कंपनी उभी करते. पण एरवी या बोलीकडे दोनच कामे येतात, विनोद नाहीतर भाबडेपणा. मालिकेतला डॉक्टर किंवा वकील ‘मले वाटते’ म्हणत नाही. खामगावच्या दवाखान्यात ते रोज ऐकू येते.

केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत भाषिक व प्रादेशिक गटांना हिणवणारे चित्रण नको, असे कलम आहे. त्यावर बोट ठेवून विनोदाला कोर्टात खेचण्यात शहाणपण नाही. इथे द्वेष कमी, घाई जास्त आहे. अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीत शेतकरी ओळखू यावा म्हणून पागोटे, मिशी आणि बैलजोडी लागते. शिवाय हिशेब प्रेक्षकसंख्येचा. प्रेक्षकमोजणी करणाऱ्या ‘बार्क’ संस्थेने ग्रामीण घरांतले प्रेक्षक मोजायला घेतले ते २०१५ मध्ये, आणि पुढच्या दोन वर्षांत कोल्हापूर-साताऱ्याच्या बोलीतल्या मालिका आल्या. हा निव्वळ योगायोग नसावा.

बातम्यांची तऱ्हा वेगळी नाही. दरवर्षी अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळमध्ये कॅमेरे गोळा होतात. शेतात घट मांडून, भोवती धान्य ठेवून, दुसऱ्या पहाटे पाऊसपाण्याचे भाकीत सांगितले जाते. बातमी म्हणून ते दाखवावेच. पण भाकीत ऐकून परतणारा शेतकरी मोबाइलवर हवामान खात्याचा अंदाजही पाहतो आणि बाजार समितीतला सोयाबीनचा भावही विचारतो, तेव्हा त्याच्यासमोर माइक नसतो. कॅमेरा पुन्हा येतो तो आत्महत्येनंतर, हार घातलेल्या फोटोपाशी.

सर्वांत मोठी गफलत बाईच्या बाबतीत होते. ट्रॅक्टरच्या जाहिरातीत ती नव्या गाडीला ओवाळते, नाहीतर बांधावर भाकरी घेऊन येते. या जिल्ह्यात निंदण आणि कापूसवेचणी बहुतांशी बायकांच्याच हातची. ऊन आणि बोंडांचे काटे लागू नयेत म्हणून त्या लुगड्यावर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवतात, डोक्याला रुमाल, कमरेला ओटी बांधतात, आणि संध्याकाळी काट्यावर कापूस मोजून किलोमागे मजुरी घेतात. तो शर्ट जाहिरातीत अजून आमच्या पाहण्यात आलेला नाही.